शिशाला लाकूड चालत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संग्रहालयाच्या कार्यकारी मंडळाचे प्रमुख. प्रमुख पाहुण्या, पुरातत्त्व विभागाच्या संचालक बाई. ज्यांच्या देणगीतून वरच्या मजल्यावरचं नाण्यांचं दालन उभं राहिलं ते फर्निचरचे व्यापारी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले संग्रहालयप्रमुख, म्हणजे सर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी. माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही, अहवालाची आहे. मी इथल्या प्रयोगशाळेत धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. अहवालाला टाळ्या पडत नाहीत, आणि मला ते सोयीचं वाटतं. निवेदकांनी आत्ता माझी ओळख ‘सरांची लाडकी विद्यार्थिनी’ अशी करून दिली. अहवालात असं विशेषण आलं असतं तर मी त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं असतं. पण निरोपाच्या दिवशी विशेषणांचा हिशेब करत नाहीत, म्हणून ते तसंच राहू देते.

सरांना मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखते. तेव्हा मी त्यांना काका म्हणत असे. इथे रुजू झाले त्या दिवशी त्यांनी जिन्यातच सांगितलं, “इथे काका नको बरं का. सर.” मी ते पाळलं. काका काय नि सर काय, माणूस तोच, असं तेव्हा मला वाटलं होतं.

माझे आईवडील बदलीच्या नोकरीत असल्यामुळे मी आत्याकडे वाढले. आत्याचं चष्म्याचं दुकान आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या नाकावर तिचंच काम असेल. सर आत्ता ज्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत आहेत, तोही तिनंच बनवलेला. दुकान इतकं अरुंद आहे की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलटा लावलाय आणि समोर आरसा ठेवलाय. आरशात बघून अक्षरं वाचायची. आत्या म्हणते, “जागा नसली की माणसाला मागचं पुढे आणून बघावं लागतं.”

तपासणीच्या खोलीत काचांच्या खणांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या खणांत चष्म्याच्या काचा असत आणि खालच्या खणांत नाणी. शिशाची, फार जुनी, काळपट. दिसायला चघळून टाकलेल्या गोळीसारखी. सोनाराला त्यांचा उपयोग नाही, कारण सोनं नाही. सरकारी खात्याला तेव्हा उपयोग नव्हता, कारण चमक नाही. ती भंगारात येत आणि वितळून कोळ्यांच्या जाळ्यांची वजनं होत. आत्या भंगारवाल्याच्या घरच्यांचे चष्मे करून द्यायची आणि त्याच्या पोत्यातून ही नाणी निवडून घ्यायची. एका बाजूला काही खुणा आणि दुसऱ्या बाजूला मान वळवून मागे पाहणारा घोडा. आमच्या घरी त्यांना नाणी कधीच म्हटलं नाही. घोडेच म्हणायचो.

सर तेव्हा या संग्रहालयात नवे होते, कनिष्ठ पदावर. ते चष्म्याचा नंबर काढायला आले, तर आत्या दिव्याखाली काहीतरी निरखत होती.

“हे काय आहे?” सरांनी विचारलं.

“घोडा.”

“कुठे?”

“आधी चष्मा होऊ दे. मग दिसेल.”

चष्मा झाला आणि घोडाही दिसला. मग दर रविवारी सर येऊ लागले. इतके, की आत्यानं त्यांचं नावच ‘पाहुणा’ ठेवलं. जिन्यात पावलं वाजली की ती आतून म्हणायची, “आला वाटतं पाहुणा. चहा टाक गं.” सर एकदा म्हणाले, “बाई, हा घोडा मागे का बघतोय?” आत्या म्हणाली, “पुढे बघत असता तर साधा घोडा. मागे बघतोय, म्हणजे संशोधक असणार.”

सरांच्या पहिल्या पुस्तकातली सगळी छायाचित्रं त्या खालच्या खणांतली आहेत. पुस्तकात त्यांच्याखाली ‘एका खाजगी संग्रहातून’ असं छापलं आहे. आत्यानं ते वाचलं आणि म्हणाली, “बरं झालं, माझं नाव नाही घातलं. उगाच लोक चष्म्याऐवजी घोडे मागायला यायचे.” तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

आता थोडं माझ्या विषयाचं बोलते. कंटाळा आला तरी सहन करा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आत्यानं काही घोडे एका छान लाकडी डब्यात ठेवले होते. वर्षभरानं डबा उघडला, तर ते पांढरे पडलेले. हात लावला की पीठ. तिनं ते सरांना दाखवलं. सरांनी डबा नेला, वाचन केलं, कुणाकुणाला विचारलं, आणि पुढच्या एका रविवारी येऊन आम्हाला समजावून सांगितलं. लाकूड कापल्यावरही श्वास सोडत राहतं. त्या श्वासात आंबूस वाफ असते, तीच जी शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते. उघड्या हवेत ती निघून जाते. बंद डब्यात साठते. तांब्याला तिचा थोडा त्रास होतो, सोन्याला काहीच नाही, आणि शिशाला ती खाऊन टाकते. उरतो तो सफेदा, पूर्वी रंगारी वापरायचे तोच.

मग सरांनी बाह्या वर केल्या आणि आत्याचे सगळे घोडे एकेक करून काचेच्या कुप्यांत घातले. रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या. आत धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा तुकडा. मी झाकणं पुसून देत होते. काम संपल्यावर सर मला म्हणाले, “पाठ कर. शिशाला लाकूड चालत नाही.”

मी पाठ केलं. पुढे काय शिकायचं, हेही मी त्याच दिवशी ठरवलं असावं. हे वाक्य सरांचं आहे, हे या सभागृहानं लक्षात ठेवावं अशी माझी विनंती आहे.

त्या दिवशी सर निघाले तेव्हा आत्यानं एक कुपी त्यांच्या खिशात सरकवली. ते नको नको म्हणत होते. आत्या म्हणाली, “इतकी वर्षं नुसता चहा पिऊन जातोस. पाहुण्याला कधी रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं.”

त्यानंतर काही वर्षांनी नियम आला. ज्यांच्या घरी पुराणवस्तू आहेत त्यांनी त्या जाहीर कराव्यात. जतनाची योग्य सोय नसेल तर संग्रहालयानं त्या ताब्यात घ्याव्यात. नियमाला मी नावं ठेवणार नाही. चोरीचा माल ओळखू यावा, हा त्याचा हेतू होता, आणि हेतू चांगलाच आहे. पण नियमाला एकच प्रश्न विचारता येत होता, वस्तू कोणाच्या हातात आहे. ते हात तिला कसे सांभाळतात, हे विचारायची त्यात जागा नव्हती. शिवाय, जाहीर कोण करणार? ज्याच्याकडे चोरीचं आहे तो? त्यानं केव्हाच भिंतीत पुरलं. जाहीर तोच करतो ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं. म्हणजे जाळं टाकलं माशांसाठी आणि सापडला तो काठावर पाय सोडून बसलेला माणूस.

गावातले पाचसहा संग्राहक आत्याच्या दुकानात जमले. त्यांत एक म्हातारे सोनार होते. ते म्हणाले, “बाई, तहानलेल्या गावाला घरच्या विहिरीचा पत्ता सांगू नये. पाणी पितील आणि वर विहीरही बुजवतील.”

सर तेव्हा प्रमुख झाले होते आणि तपासणीच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “मी आहे ना. बाई, तुम्ही पहिल्यांदा जाहीर करा, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. तुमच्या कपाटाला हात लावायचा तर आधी मला ओलांडून जावं लागेल.”

सोनार म्हणाले, “आणि तुम्हीच पुढे निघालात तर?”

आत्या म्हणाली, “पाहुणा आहे तो आमचा.” आणि तिनं जाहीर केलं. त्या बैठकीतल्या इतर कुणी केलं की नाही, हे मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी आज सांगितलं नसतं.

मग घोडे न्यायला गाडी आली, ती संग्रहालयाचीच. कारण असं दिलं की चष्म्याच्या दुकानात प्रशिक्षित माणूस नाही. आता मला सांगा, ज्या दुकानात सरांनी स्वतःच्या हातानं जतन केलं, तिथे प्रशिक्षित माणूस नव्हता, असा अभिप्राय कुणी दिला असेल? मी तो शोधत बसले नाही. गरजच पडली नाही. वरचं दालन खुलं झालं तेव्हा सरांनी याच सभागृहात, याच माइकवरून सांगितलं, “अपात्र खाजगी हातांतून सोडवलेला हा ठेवा, हे माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं समाधान.”

सोडवलेला. मी शिकायला बाहेर होते, पण त्या दिवसापुरती आले होते आणि आत्याच्या शेजारी बसले होते, तिथे, तिसऱ्या रांगेत खांबाजवळ. तिला निमंत्रण होतं. इस्त्रीचे कपडे घालून आली होती. ‘अपात्र’ हा शब्द आला तेव्हा तिनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, “उच्चार स्पष्ट आहेत पाहुण्याचे. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.”

गाडी आली त्या दिवशी तिनं सगळ्या कुप्या स्वतः बांधून दिल्या होत्या. सरांना म्हणाली होती, “तुझं वाक्य आठवतंय ना?” सर म्हणाले होते, “बाई, ते मी विसरेन का?”

शिक्षण संपवून मी इथे रुजू झाले. पहिलं काम मिळालं ते वरच्या दालनातल्या शोकेसची पाहणी. अतिशय देखणं काम आहे ते. खण, मखमल, पॉलिश, पितळी पाटी. व्यासपीठावरच्या देणगीदारांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये. तुमच्या लाकडाचा काही दोष नाही. लाकूड लाकडासारखं वागलं.

मी पहिला खण ओढला आणि आधी वास आला. मग दिसलं. मखमलीवर ओळीनं पांढऱ्या पिठाच्या ढिगल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी: घोडा, घोडा, घोडा. दुसरा खण तसाच, तिसराही तसाच. रिकाम्या कुप्या खालच्या कप्प्यात नीट रचून ठेवल्या होत्या. फेकल्या नव्हत्या, हे मी नोंदवते.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “कुपीतलं नाणं कोण बघणार गं? मंडळाला दालन हवं होतं. लोकांना बघायला काहीतरी लागतं, नाहीतर हे संग्रहालय बंद पडलं असतं. मला वाटलं, वर्ष-दोन वर्षं निभावेल. मग बदलू.”

हे कारण खोटं नाही. संग्रहालय खरंच अडचणीत होतं. तेव्हाच्या मंडळाचा दबावही होता, हे न्यायानं सांगायला हवं. पण ‘निभावेल’ हा शब्द आपण आपल्या वस्तूबद्दल वापरू शकतो. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल वापरायचा तर त्याला विचारावं लागतं. आत्या हाकेच्या अंतरावर होती. ती कदाचित म्हणाली असती, “ठेव बाबा, एक खण ठेव, बाकीचे कुपीत राहू दे.” तिला कुणी विचारलं नाही. वस्तू तिच्या कपाटातून उचलली, तेव्हाच तिचं मतही उचललं गेलं, असं आपण सगळ्यांनी धरून चाललो.

सरांना माहीत नव्हतं असं मला म्हणता आलं असतं, तर हे भाषण दोन मिनिटांत संपलं असतं. अज्ञान असतं तर मी शिकवलं असतं. ते माझं कामच आहे.

सर तेव्हा आणखी एक वाक्य बोलले. “बाईंना इतक्यात सांगू नकोस. मी निवृत्त झालो की स्वतः जाऊन सांगेन.” आणि शोकेसवर ‘अभ्यासासाठी हलवले आहे’ अशी पाटी लागली. अध्यक्षमहोदय, आपण आत्ता संचालक बाईंकडे पाहिलंत, ते माझ्या लक्षात आलं. आपल्याला हे ठाऊक नव्हतं. वर जाऊन पाहता येईल. किल्ली माझ्याकडे आहे.

मी घरी गेले आणि त्याच संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती एका चष्म्याची काडी बसवत होती.

“वास आला का?” तिनं विचारलं.

“आला.”

“सगळे?”

“सगळे.”

तिनं स्क्रू घट्ट केला, काडी दोनदा उघडमीट करून पाहिली. मग म्हणाली, “भंगारवाला बरा होता गं. तो निदान विचारायचा, घेता का म्हणून.”

त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. फक्त अजूनही रविवारी जिन्यात पावलं वाजली की ती मान वर करते. कुणीतरी वेगळंच असतं.

आता आजच्याबद्दल. तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर ‘सरांच्या हस्ते नाण्याचं अर्पण’ असं छापलं आहे. कोणतं नाणं, ते लिहिलेलं नाही. ते आत्यानं सरांच्या खिशात सरकवलेलं आहे. सरांनी ते इतकी वर्षं आपल्या टेबलाच्या खणात, तिच्याच कुपीत ठेवलं. खण लोखंडी आहे. नाणं उत्तम स्थितीत आहे, घोड्याचा डोळासुद्धा दिसतो. माझ्या माहितीत त्या जातीचा हा एकच घोडा आता उरला आहे. संग्रहालयानं सांभाळले ते गेले. एका माणसानं आपलं समजून सांभाळला तो राहिला. खाजगी संग्राहकाला काय हक्क असावेत, यावर पुढच्या महिन्यात आपल्याकडे चर्चासत्र आहे. मला तिथे जेवढं सांगायचं होतं, तेवढं सांगून झालं.

सरांना जाताना तो घोडा संग्रहालयाला द्यायचा आहे. त्यांचा हेतू मी समजू शकते. रिकाम्या खणात निदान एक तरी परत ठेवावा, असं वाटलं असेल. पण अर्पण शोभून दिसावं म्हणून आज दुपारी ते नाणं कुपीतून काढून आपण सर्व कर्मचाऱ्यांनी सरांसाठी करवून घेतलेल्या या भेटीच्या पेटीत ठेवलं आहे. पेटी टेबलावर आहे, फुलांच्या बाजूला. नव्या लाकडाची आहे, आत मखमल. इथून ती पेटी तशीच वर जाणार आणि शोकेसमध्ये ठेवली जाणार. ‘प्रदर्शनास योग्य’ असा तांत्रिक अभिप्राय मी सकाळपर्यंत द्यायचा आहे. मी तो देणार नाही.

घाबरायचं कारण नाही. एका रात्रीत काही होत नाही. मला ती पेटी उघडून नाणं काढता आलं असतं. दुपारी हॉलमध्ये मी एकटीच होते, पेटीला कुलूपही नाही. मी हात लावला नाही. ते नाणं सरांचं आहे. त्यांना दिलेलं आहे. मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, मग आपल्याला कितीही जास्त कळत असो. जी वागणूक माझ्या आत्याला मिळाली नाही, ती मी सरांना देते आहे. रागानं म्हणत नाही. नियम सगळ्यांना सारखा असावा, एवढंच.

आत्याला आजचं निमंत्रण होतं. ती आली नाही. दुकान उघडं ठेवायचं आहे म्हणाली. निघताना मी विचारलं, पाहुण्याला काही निरोप आहे का. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “त्याला सांग, घोडा तुझा आहे. दिलेलं मी परत मागत नाही. तुझ्याकडे ठेव, हवं तर कुणाला दे. पण लाकडात घालू नकोस.”

सर, दुपारी तुमच्या टेबलावर ही रिकामी कुपी राहिली होती. तुमच्या शिपायानं टाकून द्यायला काढली होती, मी मागून घेतली. ती इथे, तुमच्यासमोर ठेवते. कापडाचा तुकडा आत आहे. झाकण मी पुसलं आहे, पूर्वी पुसायचे तसं.

उद्यापासून तुम्ही सर नसाल. पुन्हा काका म्हणायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. आणि ‘निवृत्त झालो की स्वतः जाऊन सांगेन’ हे तुमचं वाक्य मी आत्याला सांगितलेलं आहे. ती दुकान उघडं ठेवून बसली आहे, त्याचं कारण एखादं गिऱ्हाईकही असेल. मी विचारलं नाही.

अध्यक्षमहोदयांनी मधे थांबवलं नाही, त्यांचे आभार. देणगीदारांनी लाकडाबद्दलचं ऐकून घेतलं, त्यांचे आभार. सरांच्या पत्नीसमोर हे बोलावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. आत्या त्यांची नेहमी चौकशी करते. सरांचे आभार मी मनापासून मानते, कारण मला जे येतं त्याचं पहिलं वाक्य त्यांनी दिलं. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा रिवाज असतो. माझ्याकडून तो पाळला गेला नसेल, शब्द कुठे कमी-जास्त पडला असेल, तर मंडळींनी मोठ्या मनानं पोटात घालावं.

निवेदक, पुढचा कार्यक्रम जाहीर करण्याआधी कृपया थोडं थांबा. पेटीचं झाकण सरांनीच उघडायचं आहे.